बांधापलीकडे पडलेली शिकार

एका माणसाने मोकळ्या रानात हरणाला बाण मारला. हरिण जागीच पडले नाही. बाण अंगात घेऊन ते पळाले, बांध ओलांडला आणि दुसऱ्याच्या शेतात जाऊन कोसळले. आता हरिण कुणाचे? बाण मारणाऱ्याचे, की ज्याच्या शेतात पडले त्याचे? ते आणायला शिकाऱ्याने त्या शेतात जावे की नाही? आणि शेतमालक आडवा आला तर?

आज आपल्या देशात शिकारीला बंदी आहे, तेव्हा हा प्रश्न कुणाला रिकामटेकडा वाटू शकतो. मला तसे वाटत नाही. जंगली जनावराला मालक नसतो. ते बांध ओळखत नाही. त्याला मालक नेमका कुठल्या क्षणी मिळतो, हे ठरवताना प्रत्येक कायद्याला आपली बाजू उघड करावी लागते. एकीकडे जमीन असते, दुसरीकडे माणसाची मेहनत. इस्लामी फिकहने या प्रश्नाचे उत्तर बाराव्या शतकातच फार बारकाईने लिहून ठेवले होते. त्याच प्रश्नावर इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकापर्यंत गरिबाला सात सात वर्षांसाठी समुद्रापार पाठवत होते. या दोन उत्तरांमध्ये फरक का पडला, हे पाहण्यासारखे आहे.

सुरुवात अदी बिन हातिम यांच्यापासून करावी लागते. दानशूरपणासाठी ज्याचे नाव आपल्याकडे गोष्टींतून घरोघरी पोचले त्या हातिम ताईचे हे चिरंजीव. तय्य कबील्याचे सरदार, शिकारी कुत्रे पाळणारे. इस्लाम स्वीकारल्यावर त्यांनी प्रेषित मुहम्मद (स.) यांना शिकारीबद्दल अनेक प्रश्न विचारले. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत ते आले आहेत. कुत्रा सोडताना अल्लाहचे नाव घ्या. कुत्र्याने स्वतःच खायला सुरुवात केली असेल तर खाऊ नका, कारण ती शिकार त्याने स्वतःसाठी केली. अनोळखी कुत्रे त्यात मिसळले असतील तरी खाऊ नका. आणि आपल्या विषयाशी थेट जोडलेले उत्तर असे: बाण लागलेले जनावर दिसेनासे झाले, दिवसाने सापडले आणि अंगावर तुमच्याच बाणाची खूण असेल तर ते खाऊ शकता, पाण्यात बुडालेले सापडले तर मात्र नाही.

पाण्यातले का नाही? कारण ते बाणाने मेले की बुडून, हे सांगता येत नाही. या शंकेवर हनफी फकीहांनी पुढचे नियम उभे केले. बाण लागलेला पक्षी आधी छपरावर किंवा टेकडीवर पडला आणि तिथून गडगडत खाली आला, तर तो हराम, कारण पडण्याने मेला असेल. सरळ जमिनीवर पडला तर हलाल. जमिनीवर पडणे कुणाला टाळता येणार? सर्वांत महत्त्वाची अट शोधाची आहे. जखमी जनावर नजरेआड झाले आणि शिकारी त्याच्या मागावर राहिला, थांबला नाही, तर मेलेले सापडले तरी ते हलाल. मध्येच बसून राहिला, मग कधीतरी उठून शोधले आणि सापडले, तर ते खायचे नाही.

म्हणजे जखमी जनावराचा माग काढणे शिकाऱ्याच्या मर्जीवर सोडलेले नाही. ती जवळजवळ त्याची जबाबदारी आहे. आणि माग बांधापलीकडे गेला की अडचण तिथेच उभी राहते.

मालकीचा नियम बुरहानुद्दीन मरगिनानी यांच्या ‘हिदाया’त मिळतो. मरगिनानी आजच्या उझबेकिस्तानातल्या फरगाना खोऱ्यातले, मृत्यू ११९७ सालचा. भारतीय उपखंडातल्या मदरशांत हा ग्रंथ आजही शिकवला जातो. त्यातले मूळ तत्त्व एका वाक्यात मावते: जो धरेल त्याची शिकार. पण धरणे म्हणजे काय? हिदाया दोन तिरंदाजांचे उदाहरण घेते. पहिल्याचा बाण लागला, पण जनावर पळू शकत होते. दुसऱ्याने बाण मारून ते पाडले. शिकार दुसऱ्याची. उलट, पहिल्याच्या बाणाने जनावर इतके जायबंदी झाले की त्याला निसटणे शक्य नव्हते, आणि मग दुसऱ्याने मारले, तर जनावर पहिल्याचेच होते. दुसऱ्याने परक्याची वस्तू नासवली, म्हणून त्याने पहिल्याला भरपाई द्यायची. भरपाई धरताना जखमी जनावराची किंमत धरायची, धडधाकट जनावराची नाही. शिवाय ते मांस हलालही राहत नाही, कारण जनावर एकदा हाताशी आले की रीतसर जबह करणे शक्य होते. हाताने शिवलेले नसतानाही मालकी लागू होते, हे इथे लक्षात घ्या. पळण्याची ताकद संपली तो क्षण मोजायचा. तो क्षण कुणाच्या जमिनीवर आला, हे हिदाया विचारतच नाही.

जमिनीचा प्रश्न येतो तो दुसऱ्याच ठिकाणी, खरेदी-विक्रीच्या प्रकरणाच्या शेवटी, किरकोळ मसल्यांत. मला हिदायातला हा उतारा फार आवडतो. कुणाच्या जमिनीत पक्ष्याने पिल्ले काढली किंवा अंडी घातली, तर ती जो उचलेल त्याची. कुणाच्या जमिनीत हरणाने आसरा घेतला, तर ते जो पकडेल त्याचे. जमीनमालकाचा त्यावर निव्वळ जमिनीमुळे हक्क नाही. त्याने ती जागा मुद्दाम त्यासाठी तयार केली असेल तर गोष्ट वेगळी. मग दाखले येतात. कुणी जाळे वाळत घातले आणि त्यात पक्षी अडकला, तर पक्षी जाळेवाल्याचा नाही. जाळे शिकारीसाठी लावले असते तर त्याचा झाला असता. कुणी साखर किंवा दिरहम उधळले आणि ते एखाद्याच्या कपड्यावर पडले, तर निव्वळ पडल्याने ते त्याचे होत नाहीत; त्याने गोळा केले किंवा त्यासाठीच पदर पसरला होता, तर होतात. निकाहानंतर छुहारे उधळले जातात तेव्हा आपल्या मांडीवर पडलेला छुहारा शेजारचे पोर उचलून नेते आणि आपण हसतो. मरगिनानींनी त्याच प्रसंगावर मालकीचा सिद्धांत मांडला आहे.

आणि लगेच अपवाद येतो. मधमाश्यांनी कुणाच्या जमिनीत पोळे केले, तर मध जमीनमालकाचा. हरिण नाही, अंडे नाही, पण मध त्याचा! कारण मध जमिनीचे उत्पन्न धरला गेला, जसे आपोआप उगवलेले झाड. म्हणूनच इमाम अबू हनीफांच्या मते उश्री जमिनीतल्या मधावर उश्र, म्हणजे दहावा हिस्सा, द्यावा लागतो. जमिनीने जे दिले ते जमीनमालकाचे, त्यावर तो करही देतो. हरिण जमिनीने दिलेले नाही, ते नुसते येऊन बसले आहे.

आता बांध ओलांडण्याचा प्रश्न. शिकार माझी आहे म्हणून मी तुझ्या आवारात घुसेन, असे फकीहांनी म्हटलेले नाही. परक्या घरात परवानगी आणि सलामाशिवाय जाऊ नका, ही सूरह नूरची स्पष्ट आज्ञा आहे. पण आपली वस्तू परक्याच्या घरात पडली असेल तर? सतराव्या शतकातल्या हसकफींच्या ‘दुर्रुल मुख्तार’मध्ये, गसब म्हणजे बळकावण्याच्या प्रकरणाजवळ, याचे उत्तर आहे. परवानगीशिवाय कुणाच्या घरात जाऊ नये. पण आपला कपडा तिथे पडला असेल आणि मालकाला सांगितले तर तो बळकावेल अशी भीती असेल, तर जाता येते. उदाहरण कपड्याचे आहे, हरणाचे नाही. तरी विचाराची दिशा पाहा. आधी विचारा. विचारल्याने हक्कच बुडणार असेल तर मार्ग आहे. वस्तूची मालकी आणि जागेचा मान हे दोन वेगळे हिशेब आहेत, एकाच्या जोरावर दुसरा पुसला जात नाही. जाण्यायेण्यात पीक तुडवले तर त्याची भरपाई हा तिसरा हिशेब.

उस्मानी साम्राज्याने १८६९ ते १८७६ या काळात अहमद जौदत पाशांच्या नेतृत्वाखाली ‘मजल्ला’ ही नागरी संहिता तयार केली, तेव्हा हेच हनफी नियम कलमांच्या रूपात आले. शिकारीची कलमे १२९२ पासून सुरू होतात. हरणाला आणि पाखराला तिथे सर्वांसाठी खुल्या गोष्टींच्या सोबतीने जागा आहे. पाणी, गवत आणि अग्नी यांत सर्व लोक भागीदार आहेत, या हदीसच्या पाठोपाठ ती येतात.

इथे थोडे थांबून एक गोष्ट सांगायला हवी, कारण “हे जगात सर्वांत आधी आम्हीच सांगितले” असे म्हणण्याची सवय आपल्यातही आहे. हे तत्त्व रोमन कायद्यात आधीपासून होते. सम्राट जस्टिनियनच्या नावाने ५३३ साली निघालेल्या ‘इन्स्टिट्यूट्स’मध्ये म्हटले आहे की जंगली जनावर पहिल्यांदा पकडणाऱ्याचे, मग ते स्वतःच्या जमिनीवर पकडलेले असो वा परक्याच्या, जमीनमालक फार तर आत यायला मनाई करू शकतो. मात्र दोन्हीकडचे तपशील जुळत नाहीत, आणि मला रस आहे तो त्यातच. जखमी जनावराबद्दल रोमन कायदेपंडितांत वाद होता. पाठलाग चालू आहे तोवर ते जखमी करणाऱ्याचे, असे काहींचे मत. जस्टिनियनने ते नाकारले आणि प्रत्यक्ष पकडल्याशिवाय मालकी नाही असे ठरवले, कारण पकडण्याआधी पुष्कळ काही घडू शकते. हनफींनी जायबंदी होणे पुरेसे मानले. मधाच्या बाबतीत तर उलटच. रोमन कायद्यात परक्याच्या झाडावरचे रानमाश्यांचे पोळेही कुणीही काढू शकत होता. उत्तरे अशी वेगळी येतात तेव्हा त्यामागे स्वतंत्र विचार झालेला असतो.

जनावराचे भवितव्य बदलणारी एक सीमा मात्र फिकहमध्ये आहे: मक्केची हरम. त्या हद्दीत शिकार हराम. शिकारी हद्दीबाहेर उभा असला आणि जनावर आत असले, तरी त्याला हात लावायचा नाही. मारले तर भरपाई द्यायची. बाहेर पकडलेले जनावर घेऊन कुणी आत आला तर हनफी मतानुसार त्याने ते सोडून द्यायचे. ही सीमा कुणाच्या मालकीची नाही. जनावराला तिथे अभय मिळते, जमीनदाराला मटण नाही.

आता इंग्लंड. १७९१ साली लंडनमध्ये ‘हिदाया’चे इंग्रजी भाषांतर चार खंडांत छापले गेले. वॉरन हेस्टिंग्जच्या पुढाकाराने मौलवींनी अरबीवरून फारसी भाषांतर केले होते, त्यावरून कंपनीच्या सैन्यातल्या चार्ल्स हॅमिल्टनने ते इंग्रजीत आणले. शिकारीचे प्रकरणही त्यात आहे. ते छापले गेले त्या दिवसांत खुद्द लंडनबाहेरच्या कुठल्याही खेड्यात मजुराने ससा मारला तर काय होत होते?

१६७१ च्या कायद्यानुसार ससा, तितर, फेजंट मारायचा हक्क वर्षाला शंभर पौंड उत्पन्नाची मालकीची जमीन असलेल्यांना, किंवा दीडशे पौंडांची दीर्घ भाडेपट्ट्याची जमीन असलेल्यांना, किंवा उमरावांच्या थोरल्या मुलांना होता. गंमत अशी की पन्नास पौंडांची जमीन असलेल्या शेतकऱ्याला स्वतःच्या शेतातला, स्वतःचे पीक खाणारा ससासुद्धा मारता येत नव्हता. संसदेच्या निवडणुकीत मत द्यायला दोन पौंडांची जमीन पुरत होती. तितर मारायला मताच्या पन्नासपट मालमत्ता लागते, असा टोमणा खुद्द ब्लॅकस्टोनने मारला आहे, आणि तो काही क्रांतिकारक नव्हता. १७२३ चा ‘ब्लॅक अॅक्ट’ त्याहून भयंकर. तोंडाला काळे फासून हत्यारासह हरणाच्या मागे गेलेल्याला त्यात फाशी होती. इतिहासकार ई. पी. थॉम्पसन यांनी १९७५ साली या एकाच कायद्यावर अख्खे पुस्तक लिहिले. १८१६ च्या कायद्याने रात्री नुसते जाळे घेऊन परक्याच्या जमिनीवर सापडलेल्याला सात वर्षे काळ्या पाण्यावर, म्हणजे ऑस्ट्रेलियाला, पाठवण्याची सोय केली. १८२८ मध्ये तो बदलला. त्यात सात वर्षे तिसऱ्या गुन्ह्याला. पण तीन किंवा अधिक जण मिळून गेले आणि एकाकडे जरी हत्यार असले तर चौदा वर्षांपर्यंत. वाळत घातलेल्या जाळ्यात आणि शिकारीच्या जाळ्यात फरक करणारे मरगिनानी इथे आठवल्याशिवाय राहत नाहीत.

बांधापलीकडच्या जनावराचे काय? १६९७ साली सटन विरुद्ध मूडी या खटल्यात मुख्य न्यायाधीश होल्ट यांनी हिशेब असा मांडला. ब च्या जमिनीवर ससा उठवला आणि तिथेच मारला, तर ससा ब चा. ब च्या जमिनीवर उठवला आणि पाठलाग करत क च्या जमिनीवर मारला, तर ससा शिकाऱ्याचा. मात्र ब आणि क दोघांच्या जमिनीत घुसल्याबद्दल दावा लागेल. वाचताना हसू येते. एकाच माणसाने अधिक जमिनी तुडवल्या म्हणून ससा त्याचा झाला! पण तर्क साधा आहे. ससा जमिनीतून निघतो आणि त्याच जमिनीत मरतो, म्हणून तो जमिनीचा. हिदायाने जे मधाला लावले ते इंग्लंडने सशाला लावले.

बांध ओलांडणे जिवावर कसे बेतू शकत होते याचा एक खटला कायद्याचे विद्यार्थी आजही वाचतात. ब्रिस्टलजवळ एका माणसाची ट्युलिपच्या फुलांची भिंतबंद बाग होती. फुले चोरीला गेली म्हणून त्याने बागेत स्प्रिंगगन बसवली, म्हणजे तारेला पाय लागला की आपोआप सुटणारी बंदूक. पाटी लावली नाही. मार्च १८२५ मधल्या एका संध्याकाळी शेजारच्या घरातली लांडोर उडून त्या बागेत गेली. मोलकरणीसाठी ती आणायला एकोणीस वर्षांचा एक मुलगा आपणहून पुढे आला. तो भिंतीवर चढला, दोन-तीनदा हाका मारल्या, कुणी आहे का म्हणून. उत्तर आले नाही, म्हणून आत उतरला. तारेला पाय लागला आणि छरे गुडघ्याच्या वर घुसले. मुलाचे आडनाव बर्ड होते, म्हणून खटल्याचे नाव बर्ड विरुद्ध होलब्रूक. १८२८ साली मुलाच्या बाजूने निकाल लागला, कारण बागवाल्याने सूचना दिली नव्हती. त्याआधी, १८२० साली, इलॉट विरुद्ध विल्क्स खटल्यात पाटी होती. तेव्हा जखमी झालेल्या माणसाला भरपाई मिळाली नाही. अशा बंदुका लावणे संसदेने १८२७ मध्ये गुन्हा ठरवले. त्या मुलाने केले काय होते? भिंतीवर उभे राहून परवानगी मागितली, आणि मग दुसऱ्याची वस्तू आणायला आत गेला. कपडा पडल्याचा दुर्रुल मुख्तारमधला मसला जवळपास हाच आहे.

१८३१ च्या कायद्याने शंभर पौंडांची अट गेली. परवाना घेऊन कुणीही शिकार करू शकत होता. पण कुठे? जमीन ज्याची त्याच्या मर्जीने. शिकारीसाठी परक्याच्या जमिनीत शिरणे हा वेगळा गुन्हाच झाला. मग न्यायालयांत बारीक कीस पडू लागला. १८६२ मध्ये ठरले की बाहेरून परक्या जमिनीवरचा फेजंट मारून मग तो आणायला आत जाणे ही एकच कृती, म्हणून गुन्हा. १८६५ मध्ये, केनियन विरुद्ध हार्ट खटल्यात, पक्षी शिकाऱ्याच्या बाजूने उडाला होता आणि मरून पलीकडे पडला होता. तिथे न्यायाधीश म्हणाले की मेलेला पक्षी ‘शिकार’ या शब्दात बसत नाही, तेव्हा या कायद्याखाली गुन्हा नाही. अर्थात शेतमालक दिवाणी दावा लावायला मोकळा होताच.

आणि याच १८३१ च्या कायद्यात कलम ३५ आहे. कुत्र्यांच्या तांड्यासह कोल्हा, ससा किंवा हरणाच्या ताज्या पाठलागात असलेल्यांना ही घुसखोरीची शिक्षा लागू नाही, अट एवढीच की जनावर दुसऱ्या जमिनीवर उठवलेले असावे. घोडे आणि तांडे कुणाकडे होते, हे सांगायला नको. त्याआधी १७८६ साली गंड्री विरुद्ध फेल्थम खटल्यात कोल्हा उपद्रवी म्हणून त्याच्यामागे परक्या शेतातून जाणे न्यायालयाने मान्यच केले होते. पुढे १८०९ मध्ये लॉर्ड एलनबरोंनी स्पष्ट केले की उपद्रव हटवायला नाही, मौजेसाठी जात असाल तर ही सबब चालणार नाही. तरी तांडे शेते तुडवत गेले. एका फेजंटसाठी बांध ओलांडणारा मजूर गुन्हेगार, आणि पन्नास घोड्यांनी उभे पीक ओलांडणारे सरदार परंपरेचे पालक. बांध तोच होता, फक्त ओलांडणारा कोण हे बघितले जाई.

शेवटचा खिळा १८६५ साली हाऊस ऑफ लॉर्ड्सने ठोकला. चोरट्या शिकाऱ्यांनी मार्क्विस ऑफ एक्सेटरच्या जमिनीवर ससे मारले आणि एका परवानाधारक व्यापाऱ्याला विकले. मार्क्विसच्या नोकरांनी ते त्या व्यापाऱ्याकडून परत घेतले. व्यापारी भांडत वरपर्यंत गेला आणि हरला. जमिनीवर मारलेले जनावर त्या क्षणी जमीनमालकाचे होते, असा निकाल लागला. ब्लेड्स विरुद्ध हिग्ज. रोमन कायदा वेगळे सांगतो हे लॉर्ड्सना पुरते माहीत होते. हिदायाही तोपर्यंत त्यांच्या भाषेत छापून चौऱ्याहत्तर वर्षे झाली होती.

मात्र पुस्तकातला फिकह आणि मुस्लिम बादशहांचे वागणे एकच होते, असे कुणी समजू नये. जहांगीरने स्वतःच्या आठवणींत मोजून लिहिले आहे: वयाच्या बाराव्या वर्षापासून पन्नाशीपर्यंत त्याच्या समक्ष २८,५३२ जनावरे मारली गेली, त्यातली १७,१६७ त्याने स्वतः. एकदा तो नीलगाईवर नेम धरत असताना एक सेवक आणि दोन कहार अचानक समोर आले आणि जनावर बिचकून पळाले. बादशहाने सेवकाला जागच्या जागी मारायला लावले आणि कहारांच्या पायांच्या शिरा तोडायला लावल्या. हेही त्यानेच लिहिले आहे, फारशा खंतीशिवाय. शाही शिकारगाहेत जो धरेल त्याची शिकार हे तत्त्व लागू नव्हते. तिथे तख्ताची शिकार होती. हिदाया त्याच्या दरबारातल्या काझींना तोंडपाठ असणार. तरी कुणी उठून मसला सांगितला नाही.

इंग्रजांनी हिदाया भाषांतरित केली ती काझींच्या भरवशावर राहावे लागू नये म्हणून. आणि वापरली ती मुख्यतः निकाह, वक्फ अशा बाबतीत. जंगल आणि जनावर यांचा कायदा त्यांनी वेगळाच आणला. १८७८ च्या वन कायद्याने राखीव जंगल सरकारचे झाले आणि तिथली शिकार नियमांखाली आली. साहेबाला परवाना, गावकऱ्याला खटला. संस्थानिकांनी आपापली राने राखली. कोल्हापूरच्या महाराजांचे दाजीपूरचे शिकारीचे रान हे त्यातलेच, आज ते अभयारण्य आहे. तितर-लावे फाशात धरून पोट भरणारे फासेपारधी यांचे कसबच त्यांच्या विरोधातला पुरावा ठरले. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या परंपरेत ते अडकले. तो कायदा १९५२ साली गेला, पण पोलिसांची नजर गेली नाही. पारध्याचा फासा, म्हणजे मरगिनानींच्या भाषेत शिकारीसाठीच लावलेले जाळे. त्याची मालकी सिद्ध करायला त्याला कुठल्याही शतकातला फकीह साक्षीदार मिळाला असता.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हा जुना वाद एका फटक्यात संपवला. कलम ३९ प्रमाणे, उपद्रवी म्हणून घोषित जनावरे सोडली तर, मारलेले किंवा मेलेले सापडलेले वन्य जनावर सरकारची मालमत्ता. शिकाऱ्याचे नाही, जमीनमालकाचेही नाही. मला हा कायदा गरजेचा वाटतो. बंदुका आणि जीप आल्यावर जो धरेल त्याची शिकार म्हणत बसलो असतो तर धरायला काही उरलेच नसते; माळढोकाची दशा आपण पाहतोच आहोत. मक्केच्या हद्दीतला अभयाचा नियम ज्यांना पाठ आहे त्यांना अशी बंदी परकी वाटू नये. पण जनावर सरकारचे म्हटल्यावर त्याने खाल्लेल्या पिकाचा हिशेबही त्याच कलमात यायला हवा होता. तो आलेला नाही. मराठवाड्यातल्या एखाद्या शेतकऱ्याच्या तुरीत काळवीट मरून पडले, तर त्याला अठ्ठेचाळीस तासांत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा वन अधिकाऱ्याकडे कळवावे लागते. कळवले नाही तर गुन्हा. आणि त्याच काळविटाने मरण्याआधी जी तूर खाल्ली, तिच्या भरपाईसाठी तोच शेतकरी वेगळा अर्ज, सातबारा आणि पंचनामा घेऊन वन खात्याच्या दारात उभा असतो.